जुन्या ट्रान्सफॉर्मरचं डिजिटल ट्विन: आकडे कुठून आणायचे आणि मॉडेलवर भरवसा कधी ठेवायचा?

रावपुरा_फीडर (धागाकर्ता)

मंडळी, बडोदा शहरातल्या एका ६६/११ केव्ही सबस्टेशनमधल्या ट्रान्सफॉर्मरबद्दल विचारतोय. १९९७ चा आहे. क्षमता पंखे बंद असताना १६ आणि चालू असताना २० एमव्हीए. हाताशी असलेली माहिती अशी: कारखान्याच्या टेस्ट रिपोर्टमध्ये नो-लोड लॉस (लोड नसतानाही वाया जाणारी वीज) १४ किलोवॅट, लोड लॉस (लोडमुळे वाया जाणारी) ८४ किलोवॅट, हीट रनला (तापवून घेतलेल्या चाचणीत) टॉप ऑइलची (टाकीतल्या वरच्या तेलाची) तापमानवाढ दोन्ही रेटिंगला ४८ अंश, वाइंडिंग आणि तेल यांच्या सरासरीतला फरक १६ अंश. नेमप्लेटवर कोअर-कॉइल १६ टन, टाकी आणि फिटिंग ८ टन, तेल ९ टन. ओटीआय (तेलाचं तापमान दाखवणारा) आणि डब्ल्यूटीआय (वाइंडिंगचं दाखवणारा) यांचे ४-२० मिलिअँप सिग्नल स्काडात (दुरून देखरेख करणाऱ्या संगणक यंत्रणेत) येतात. मीटरचा १५ मिनिटांचा डेटा आहे. डीजीए (तेलात विरघळलेल्या वायूंची तपासणी) वर्षातून एकदा होतं, फ्युरानचा (वाइंडिंगवरचा कागद झिजताना तेलात उतरणाऱ्या रसायनांचा) शेवटचा आकडा ०.८५ पीपीएम.

एका विक्रेत्याने डिजिटल ट्विन (खऱ्या यंत्राबरोबर चालणारं त्याचं संगणकी मॉडेल) म्हणून जे दाखवलं त्यात ट्रान्सफॉर्मर माउसने गोल फिरवता येतो आणि हॉटस्पॉट, म्हणजे वाइंडिंगचा सगळ्यात गरम भाग, लाल दिसतो. तो लाल रंग कुठल्या समीकरणातून आला हे विचारलं, तर गाडी पुन्हा स्क्रीनवरच. वरून मागणी आहे की "अजून दहा वर्षं चालेल का, ते आकड्यात सांगा". मॉडेल स्वतः बसवायचं म्हटलं तर सुरुवात कुठून करावी?

कलाभवनी

रिपोर्ट सापडला म्हणजे निम्मं काम झालं. १९९७ च्या युनिटचा हीट रन हाती असणं ही चैनच आहे.

आयईसी ६००७६-७ या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेचं समीकरण घ्या, भारतीय मानक आयएस २०२६ च्या भाग ७ मध्येही तेच आहे. के म्हणजे चालू लोड भागिले रेटेड लोड. आर म्हणजे लोड लॉस भागिले नो-लोड लॉस, तुमच्याकडे ८४ ÷ १४ = ६.

टॉप ऑइलची वाढ = ४८ × [(१ + ६ × के²) ÷ ७]^०.८
हॉटस्पॉटची तेलावरची वाढ = १.३ × १६ × के^१.३

१.३ हा हॉटस्पॉट फॅक्टर, मध्यम आणि मोठ्या ट्रान्सफॉर्मरसाठी मार्गदर्शिकेत दिलेला. म्हणजे पूर्ण लोडला तेलाच्या वर आणखी २०.८ अंश.

आता मे महिन्यातली दुपार धरा, ४२ अंश. पूर्ण लोड, पंखे चालू: ४२ + ४८ + २०.८ = ११०.८. वाइंडिंगवर इन्सुलेशन म्हणून गुंडाळलेल्या साध्या क्राफ्ट कागदाला ९८ अंशाला झिजेचा वेग १ धरतात आणि दर ६ अंशाला तो दुप्पट होतो. म्हणजे इथे वेग जवळपास ४.४. लोड ७० टक्क्यांवर आणलं की तेलाची वाढ ३०.३, वाइंडिंगची १३.१, हॉटस्पॉट ८५.४, आणि वेग ०.२३. लोड तीस टक्के उतरलं, झीज एकोणिसाव्या हिश्श्यावर आली. उन्हाळ्यात लोड दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर सरकवायचं की नाही, हा निर्णय या एका ओळीवर घेता येतो.

एक पथ्य आहे. पंखे बंद आणि पंखे चालू यांचे पॅरामीटर वेगळे ठेवा. पंखे बंद असताना ४८ अंश १६ एमव्हीएला आहेत, २० ला नव्हेत. पंखे सगळे मेलेत आणि लोड पूर्ण आहे अशी वेळ आली तर तेलाची वाढ ६४.५ पर्यंत जाते. साडेसोळा अंश जास्त म्हणजे कागदाची झीज साडेसहा पटींच्या वर, शिवाय ४२ अंशाच्या दुपारी टॉप ऑइल १०६ च्या पुढे. नेहमीच्या चक्राकार लोडसाठी मार्गदर्शिकेची मर्यादा १०५ आहे. म्हणून पंख्यांच्या कॉन्टॅक्टरचा सिग्नल मॉडेलला मिळालाच पाहिजे. तोसुद्धा "ऑन कमांड दिली" असा नको, पंख्याच्या मोटरचा करंट हवा. कमांड गेली आणि ओव्हरलोड रिले ट्रिप होऊन बसलाय, हा प्रकार नेहमीचा.

कलाभवनी

टाइम कॉन्स्टंट राहिला, म्हणजे लोड बदलल्यावर तेल नव्या तापमानाकडे किती वेळात सरकतं तो आकडा. पुस्तकात पंख्यांसह १५० मिनिटं आणि पंख्यांशिवाय २१० मिनिटं दिलीत, पण वजनं असली की स्वतः काढावा. उष्णताधारकता = ०.१३२ × कोअर-कॉइल + ०.०८८२ × टाकी + ०.४ × तेल, वजन किलोत, उत्तर वॅट-तास प्रति अंश. तुमचं: २११२ + ७०६ + ३६०० = ६४१८. याला ४८ ने गुणा, एकूण लॉस ९८,००० वॅटने भागा: ३.१४ तास, म्हणजे साधारण १९० मिनिटं. टाकीचं वजन धरताना गरम तेलाला लागलेला भागच धरायचा. कंझर्व्हेटर (वरची तेलाची छोटी टाकी) आणि चाकं त्यात घालू नका.

सिलिकाजेल

समीकरण लावण्याआधी शिडी लावा आणि सेन्सर बघा. मी म्हणतो निम्मी मॉडेलं इथेच गंडतात.

हवेचं तापमान मोजणारा आरटीडी बहुतेक ठिकाणी मार्शलिंग बॉक्सच्या (केबल जोडण्यांच्या पेटीच्या) बाहेरच्या पत्र्यावर ठोकलेला असतो. पत्र्यावर ऊन, शेजारी टाकीची धग. दुपारी तो खऱ्या हवेपेक्षा सहज ८-१० अंश जास्त दाखवतो. मग मॉडेल म्हणतं तेल ८५ ला असायला हवं, प्रत्यक्षात असतं ७७, आणि सगळे खूश की कूलिंग झकास आहे. सेन्सर ट्रान्सफॉर्मरपासून काही मीटर दूर, सावलीत, चारी बाजूंनी हवा खेळेल अशा पांढऱ्या जाळीच्या डब्यात हवा, रेडिएटरमधून बाहेर पडणाऱ्या हवेच्या वाटेत अजिबात नको.

मग थर्मामीटरचे पॉकेट. झाकणावरच्या पॉकेटमध्ये तेल भरलेलं असायला हवं, बल्बला उष्णता त्यातूनच पोचते. कॅपिलरी (बल्बपासून काट्यापर्यंतची बारीक नळी) काढ-घाल करताना ते सांडतं, सुकतं, आणि पुन्हा कुणी भरत नाही. कोरड्या पॉकेटमध्ये बल्ब हवेत लटकतो, कमी दाखवतो आणि उशिरा दाखवतो. पावसाळ्यात ग्लँडमधून पाणी शिरलं तर पॉकेटच्या तळाशी गंजाचा लाल चिखल मिळतो. तो पुसून, तेल भरून, ग्लँड बदलून मगच पुढचं बोला.

डब्ल्यूटीआय वाइंडिंगला शिवतही नाही, हे नवीन मंडळींना सांगावंच लागतं. तो टॉप ऑइलचं तापमान घेतो आणि सीटीच्या (करंट मोजणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरच्या) करंटवर चालणाऱ्या छोट्या हीटरने वरची भर घालतो. त्यामुळे डब्ल्यूटीआय वजा ओटीआय हा फरक लोडप्रमाणे हलला पाहिजे. तुमच्या आकड्यांनी ७० टक्के लोडला १३ अंश. दोन्ही काटे दिवसभर एकाच आकड्यावर असतील तर सीटीची शॉर्टिंग लिंक कुणीतरी लावून ठेवली आहे किंवा हीटर जळलाय.

पायथॉनवाला

डेटाच्या बाजूने भर घालतो. १५ मिनिटांचा डेटा टॉप ऑइलला पुरतो, १९० मिनिटांच्या टाइम कॉन्स्टंटपुढे तो बारीकच आहे. वाइंडिंगला मात्र पुरत नाही. तिथला टाइम कॉन्स्टंट ७ ते १० मिनिटांचा, आणि गणिताचा टप्पा सर्वांत छोट्या टाइम कॉन्स्टंटच्या निम्म्याहून कमी हवा. स्काडातून १ मिनिटाचा करंट घ्या आणि मीटरच्या ब्लॉकशी त्याची सरासरी पडताळून पाहा. दोन घड्याळांत तफावत निघाली तर ती आधी दूर करा.

स्काडाच्या डेडबँडवरही नजर ठेवा. लोड थोडंसंच हललं तर आरटीयू (सबस्टेशनमधून स्काडाला डेटा पाठवणारं यंत्र) नवी किंमत पाठवतच नाही, आलेख पायऱ्यांसारखा दिसतो. आणि सीटी बदलली, गुणोत्तर बदललं, स्काडात जुनंच राहिलं, तर मॉडेलच्या हिशेबी लोड अर्धं आणि तेल रहस्यमयरीत्या गरम.

स्केलिंगही पाहा. ट्रान्समीटर ०-१५० अंशांचा असेल तर ६० अंशाला १०.४ मिलिअँप येतात. स्काडात रेंज ०-१२० टाकली असेल तर तेच ४८ दिसतात. ही चूक तापमानाबरोबर वाढत जाते, त्यामुळे नुसत्या आलेखावरून कूलिंग बदलल्यासारखं वाटतं. मार्शलिंग बॉक्सला लूप कॅलिब्रेटर लावून ४, १२ आणि २० मिलिअँप सोडा, स्क्रीनवर ०, ७५, १५० यायला हवेत.

बाकी एवढी समीकरणं कशाला, असा एक प्रश्न मला आहे. दोन वर्षांचा डेटा दिला तर मशीन लर्निंग टॉप ऑइलचा अंदाज या सूत्रापेक्षा चांगला देईल.

कलाभवनी

अंदाज चांगला देईल, यात वाद नाही. पण त्या दोन वर्षांत दोन पंखे बंद असतील तर त्याच्या लेखी तीच तब्येत निरोगी. तुमचं शिकलेलं मॉडेल आजाराला स्वभाव समजून बसेल आणि पंखे दुरुस्त केल्यावर अलार्म देईल. टेस्ट रिपोर्टमधलं मॉडेल नव्या, धडधाकट ट्रान्सफॉर्मरचं आहे, आपल्याला तुलना त्याच्याशी करायची आहे. मशीन लर्निंग वापरायचंच तर फिजिक्सने जे उरलं त्यावर वापरा: ऊन, वारा, पाऊस.

आणि ट्विनचा खरा उपयोग त्या उरलेल्यातच आहे. मोजलेलं टॉप ऑइल वजा हिशेबाचं टॉप ऑइल, म्हणजे रेसिड्युअल. हॉटस्पॉटचा आकडा पडद्यावर कितीही वेळा चमकला तरी तो खरा की खोटा, हे रेसिड्युअलशिवाय कळायला मार्ग नाही. (आत फायबर ऑप्टिक सेन्सर बसवलेले नवे युनिट असेल तर गोष्ट वेगळी. १९९७ च्या युनिटमध्ये ते नसणार.)

रेसिड्युअल किती आहे यापेक्षा त्याचा आकार कसा आहे ते बघा.

दिवस-रात्र, लोड कमी-जास्त, काहीही असो, कायम +५: सेन्सर किंवा झीरो सरकलाय. कूलिंगची चूक अशी सपाट दिसत नाही, ती लोडबरोबर वाढते.

रात्री पंखे बंद असताना शून्य आणि दुपारी पंखे चालू झाले की +७: पंखे. एखादा उलटा फिरत असेल तरी असंच दिसतं. केबल बदलल्यावर दोन फेज अदलाबदल झाले की पंखा फिरतो, आवाज करतो, हवा मात्र नीट देत नाही. कागदाचा कपटा धरला की कळतं.

दोन्ही अवस्थांत लोडबरोबर वाढतो: तेलाची किंवा रेडिएटरची बाजू. थर्मल कॅमेरा घेऊन सगळे रेडिएटर बघा. एकच थंड असेल तर त्याचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह बंद आहे किंवा वर हवा अडकलीय. व्हॉल्व्हचा दांडा उघड्या खुणेवर असतो आणि आतली चकती सुटलेली असते, तेव्हा खुणेवर जाऊ नका. सगळे रेडिएटर वरून थंड असतील तर तेलाची पातळी वरच्या हेडरच्या खाली गेलीय, अभिसरण तुटलंय. ही गोष्ट लगेच हातात घ्यायची, उद्यावर ढकलायची नाही. सगळे सारखेच कोमट आणि तरी फरक असेल तर रेडिएटरच्या पात्यांवर बसलेली धूळ, किंवा आत गाळ. तेलाची आम्लता वाढली असेल तर गाळाचा संशय आधी घ्या.

दुपारी एक टेकडी आणि संध्याकाळी शून्य: टाकीवरचं ऊन, नाहीतर सिलिकाजेल साहेबांनी सांगितलेला पत्र्यावरचा सेन्सर. दोन्हींची दिशा उलटी असते. टाकीवर ऊन पडलं की रेसिड्युअल धन, पत्रा तापला की ऋण.

लोड चढताना धन आणि उतरताना ऋण, असा फेरा: टाइम कॉन्स्टंट किंवा घड्याळ.

जूनच्या पहिल्या सरीला अचानक -८: काही करू नका. गरम रेडिएटरवर पाणी पडलं की असंच होतं. पावसाचे तास हिशेबातून वगळा.

निरोगी युनिटचा रेसिड्युअल २४ तासांच्या सरासरीत साधारण दोनेक अंशांच्या आत खेळतो. ओळीने तीन दिवस ४ च्या वर राहिला तर माणूस पाठवावा. याहून कडक अलार्म लावला की ऑपरेटर चौथ्या दिवशी तो बंद करून टाकतो.

न्यूट्रल_ग्राउंड

सीएफडी (प्रवाहाचं सविस्तर संगणकी गणित) करून आतलं तेल नेमकं कसं वाहतं ते काढलं तर जास्त अचूक होणार नाही का? सॉफ्टवेअर आहे म्हणून विचारतो.

कलाभवनी

वाइंडिंगच्या डिस्कमधल्या फटी, वॉशर कुठे आहेत, स्पेसर किती, हे ड्रॉइंग कारखान्याबाहेर येत नाही. त्याशिवाय केलेलं सीएफडी म्हणजे दुसऱ्याच कुणाचा ट्रान्सफॉर्मर. ड्रॉइंग असेल तर एकदाच चालवा, १.३ चा फॅक्टर तुमच्या वाइंडिंगला खरा किती ते काढा आणि तो आकडा साध्या समीकरणात टाका. दर मिनिटाला सीएफडी चालवायची गरज नाही. नासाने २०१० च्या तंत्रज्ञान आराखड्यात डिजिटल ट्विन मांडलं, त्याचा गाभा हाच होता की मॉडेल त्या जातीच्या यानाचं नको, त्या एका यानाचं हवं, त्याच्या वापराच्या नोंदींसकट. आपल्या भाषेत, सीरियल नंबरचं मॉडेल.

तेलाचा_नमुना

उष्णतेवर भरपूर झालं, आता तेलाकडे या. ०.८५ पीपीएम टू-फरफ्युरालवरून (हाच तो फ्युरानचा आकडा) चेंडोंगच्या सूत्राने: (१.५१ − लॉग ०.८५) ÷ ०.००३५ = ४५०. म्हणजे कागदाची डीपी (त्याच्या तंतूंतल्या साखळ्यांची सरासरी लांबी) सुमारे ४५०. नवा, सुकवलेला कागद १००० च्या आसपास असतो आणि २०० ला आयुष्य संपलं असं धरतात.

पण आकडा तोंडावर फेकण्याआधी तीन गोष्टी तपासा. तेल कधी गाळलं किंवा फुलर्स अर्थमधून (तेल शुद्ध करणाऱ्या मातीतून) काढलं? तसं केल्यावर फ्युरान धुऊन जातात आणि कागद एका रात्रीत "तरुण" होतो. गाळण्याच्या आधीचा आणि नंतरचा आकडा घेऊन फरक पुढे मिळवत राहायचा. कागद थर्मली अपग्रेडेड (उष्णता जास्त सोसणारा) आहे का? तो फ्युरान फारच कमी सोडतो, हे सूत्र त्याला लागू नाही. आणि तिसरं, ४५० ही सगळ्या कागदाची सरासरी आहे, वाइंडिंगच्या वरच्या टोकाचा कागद त्याहून खालीच असणार.

पाण्याचंही तसंच. रिपोर्टवर "२२ पीपीएम" असतं आणि नमुना घेताना तेल किती गरम होतं ते लिहिलेलं नसतं. ५५ अंशाच्या तेलात सुमारे २०६ पीपीएम पाणी मावतं, २५ अंशाला ६८. तेच २२ पीपीएम एका ठिकाणी ११ टक्के संपृक्तता, दुसऱ्या ठिकाणी ३२. पहिलं ठीक, दुसरं काळजीचं. जुन्या, आम्लता वाढलेल्या तेलात पाणी याहून जास्त मावतं, तेव्हा शक्य असेल तर संपृक्तता थेट मोजणारा प्रोब लावावा. मॉडेलला पाणी कळलंच पाहिजे, कारण कागदातला ओलावा दुप्पट झाला की झीजही ढोबळमानाने दुप्पट होते. कलाभवनींच्या ६ अंशांच्या नियमात हा भाग नाही. तो नियम सुक्या कागदाचा आहे.

शिवाय कागदात २ टक्क्यांच्या आसपास ओलावा असेल तर हॉटस्पॉट १४० च्या पुढे गेल्यावर बुडबुडे सुटू शकतात. आणीबाणीचा ओव्हरलोड मंजूर करताना ओलाव्याचा आकडा समोर हवा तो यासाठी.

डीजीएचा नमुना काचेच्या सिरिंजमध्येच घ्या. खालच्या व्हॉल्व्हमधून आधी लिटर-दोन लिटर तेल वाहू द्या, सिरिंज एकदा भरून रिकामी करा, मग बुडबुडा न येता भरा. प्लास्टिकच्या बाटलीत हायड्रोजन सगळ्यात आधी पळतो. प्रयोगशाळेचा प्रश्न बडोद्यात नाही, एर्डा मकरपुऱ्यातच आहे, उगाच आठवडाभर नमुना कपाटात ठेवू नका.

रावपुरा_फीडर

ताई, डीजीएमध्ये गेल्या वर्षी ॲसिटिलीन १८ आणि हायड्रोजन ७ पीपीएम आलं होतं. सगळे हादरले होते.

तेलाचा_नमुना

हायड्रोजनच्या अडीच पट ॲसिटिलीन. आयईसी ६०५९९ सांगते की हे गुणोत्तर २-३ च्या वर असेल तर टॅप चेंजरचं (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या भागाचं) तेल मुख्य टाकीत मिसळतंय का ते आधी बघा. त्यातल्या डायव्हर्टर स्विचमध्ये दर टॅपला ठिणगी पडते, तिथे ॲसिटिलीन असणारच. दोन्हींचा कंझर्व्हेटर सामाईक आहे का, किंवा डायव्हर्टर पात्राची सील गळते का ते तपासा. वेगळे कप्पे असतील तर दोन्हींच्या तेलाच्या पातळ्या हळूहळू जवळ येतात, ही घरबसल्या दिसणारी खूण. सगळं कोरडं निघालं तर मात्र आत आर्किंग आहे असं समजून दर आठवड्याला नमुना. मॉडेलमध्ये पातळीऐवजी वाढीचा वेग टाका. १८ तिथेच थांबलं असेल आणि १८ वरून २५ झालं असेल, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मकरपुरा_रिले

सगळे कागद कागद करतायत. कागद नुसता जुना झाला म्हणून ट्रान्सफॉर्मर बसत नाही. जुन्या, ठिसूळ कागदाला फॉल्टचा दणका बसतो तेव्हा तो जातो. तो दणका तुमच्या ट्विनमध्ये कुठे आहे?

२० एमव्हीएला ११ केव्ही बाजूला १०५० अँपिअर. ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) १० टक्के धरला आणि सोर्स बलवान मानला तर टर्मिनलजवळच्या फॉल्टला १०.५ किलोअँपिअर. तोच फॉल्ट फीडरवर ३ किलोमीटर पुढे झाला तर लाइनचे दर किलोमीटरला ०.४ ओहम धरून १.२ ओहम, अधिक ट्रान्सफॉर्मरचे ०.६, म्हणजे साधारण ३.५ किलोअँपिअर. वाइंडिंगवरचं बल करंटच्या वर्गात: करंट तिसरा हिस्सा, बल नववा हिस्सा. "वर्षात ४० फॉल्ट" या आकड्याला काही अर्थ नाही, जवळचे किती आणि लांबचे किती ते हवं.

आपल्याकडे १४ आणि १५ जानेवारी बघा. उत्तरायणाला मांजा तारांवर, त्यात धातूचा लेप असलेला असला की फेज-टू-फेज, आणि ऑटो-रिक्लोज (ट्रिपनंतर लाइन आपोआप पुन्हा जोडणं) चालू असेल तर एकाच दोऱ्यावर दोन-तीन दणके. पोळांमधले (जुन्या शहरातल्या दाट गल्ल्यांमधले) फीडर आखूड असतात, म्हणजे फॉल्ट जवळचा. त्या दोन दिवसांपुरतं रिक्लोज बंद ठेवायचं की नाही यावर मतभेद आहेत, माझं मत बंद ठेवावं.

करायचं काय: रिलेतून प्रत्येक ट्रिपची कॉमट्रेड फाइल (फॉल्टच्या करंटची नोंद) उतरवा, शिखर करंट आणि किती मिलिसेकंद चालला ते काढा, रेटेड शॉर्टसर्किट करंटशी गुणोत्तर काढून त्याचा वर्ग साठवत जा. गुणोत्तर ०.७ च्या वर गेलं की पुढच्या शटडाउनला एसएफआरए (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी सोडून वाइंडिंग सरकलंय का ते बघणारी चाचणी).

आणि एसएफआरएला पहिला ठसा चांगला नसेल तर तुलना कशाशी? २० हर्ट्झपासून २ मेगाहर्ट्झपर्यंत घ्या, टॅप पोझिशन लिहा, कोणता टॅप आधी होता तेही लिहा, अर्थिंगची पट्टी बुशिंगच्या (टर्मिनल टाकीबाहेर आणणाऱ्या इन्सुलेटरच्या) कडेने ताणून आखूड लावा. लोंबकळती पट्टी लावली की वरच्या फ्रिक्वेन्सीत आलेख हलतो आणि वाइंडिंग सरकल्याची अफवा उठते. खालच्या फ्रिक्वेन्सीतला फरक बहुधा कोअरमधल्या उरलेल्या चुंबकत्वाचा. डीसी रेझिस्टन्स टेस्ट एसएफआरएच्या नंतर करा, आधी नको.

पायथॉनवाला

हे पटलं. उष्णतेचं मॉडेल मिनिटागणिक, फॉल्टचं घटनेगणिक, तेलाचं महिन्यागणिक. एकाच आलेखात कोंबायला गेलो असतो.

टॅप चेंजरसाठी दोनच गोष्टी जोडा: मोटरच्या करंटचा वेव्हफॉर्म, आणि त्याच्या कप्प्याचं तापमान. कप्पा मुख्य टाकीपेक्षा थंड असायला हवा, सतत गरम राहायला लागला तर कॉन्टॅक्टवर कोक (कोळशासारखा थर) बसतोय. आणि व्होल्टेज स्थिर असलेल्या सबस्टेशनमध्ये चेंजओव्हर सिलेक्टर (टॅप चेंजरचाच एक भाग) वर्षानुवर्षं हलतच नाही. वर्षातून एकदा शटडाउनमध्ये सगळ्या टॅपवरून फिरवून आणा.

रावपुरा_फीडर

मग दहा वर्षांचं उत्तर काय देऊ? डीपी १००० वरून ४५० म्हणजे ८०० पैकी ५५० संपले, ६९ टक्के. २८-२९ वर्षांत ६९ टक्के, तर उरलेली साधारण १३ वर्षं. असं लिहिलं तर चालेल?

कलाभवनी

डीपी सरळ रेषेत उतरत नाही. सुरुवातीला झपाट्याने, नंतर हळू. सरळ रेषेत जातो तो १/डीपी. हिशेब असा: १/४५० − १/१००० = ०.००१२२. पूर्ण आयुष्य १/२०० − १/१००० = ०.००४. खर्च झालं ३१ टक्के. या हिशेबाने दहा वर्षं सहज निघतात.

पण हे ३१ टक्केसुद्धा जसंच्या तसं वर पाठवू नका. ते सरासरी कागदाचं आहे, आणि पुढची वर्षं मागच्यासारखीच थंड आणि सुकी जातील असं त्यात गृहीत आहे. मागची वीस वर्षं लोड ५० टक्के असेल आणि आता एसीमुळे ८५ झालं असेल तर वेग कितीतरी पट. हॉटस्पॉटच्या कागदासाठी वेगळी ओळ ठेवा: मागच्या लोडच्या नोंदींवरून मॉडेल चालवून त्याची डीपी काढा. ती ३५० निघाली तर मला नवल वाटणार नाही.

उत्तर अटींसकट द्या. "टॉप ऑइलचा रेसिड्युअल ४ च्या आत, कागदातला ओलावा २ टक्क्यांच्या खाली, मे-जूनमध्ये लोड ८० टक्क्यांच्या आत, आणि ०.७ च्या वरचा फॉल्ट आल्यास एसएफआरए. या अटींवर दहा वर्षं." अट मोडली की तारीख नव्याने काढायची. वरच्यांना एकच आकडा हवा असतो हे मान्य, पण अटी खोडून आकडा पाठवला की त्याखाली सही तुमची.

मकरपुरा_रिले

सहमत. नवरात्रीचंही त्या अटीत घाला. नऊ रात्री लोड मध्यरात्रीपर्यंत उतरत नाही, तेल थंड व्हायला जो वेळ मिळतो तो मिळत नाही.

रावपुरा_फीडर

पावसाळ्याआधी आठ तासांचं शटडाउन मिळतंय, शनिवारी. शेजारचा ट्रान्सफॉर्मर लोड घेईल. क्रम कसा लावू?

सिलिकाजेल

तेलाचा नमुना शटडाउनच्या आधी, चालू युनिट गरम असतानाच घ्या, तापमान नमुन्याच्या चिठ्ठीवर. बंद केल्यावर अर्थिंग करा आणि बुशिंगची जोडणी सोडा. पहिलं एसएफआरए, मग बुशिंगचं कॅपॅसिटन्स आणि टॅन डेल्टा (इन्सुलेशनची तब्येत सांगणारा आकडा), शेवटी डीसी रेझिस्टन्स. कॅपॅसिटन्स नेमप्लेटशी ताडून पाहा. आतला एक थर शॉर्ट झाला तरी काही टक्क्यांची उडी दिसते, ती हवामानाने येत नाही. दरम्यान दुसऱ्या जोडीने पॉकेट साफ करून तेल भरायचं, लूप कॅलिब्रेटर लावायचा, पंखे एकेक चालवून करंट आणि दिशा बघायची, रेडिएटरचे व्हॉल्व्ह हलवून बघायचे. मार्शलिंग बॉक्सच्या केबल ग्लँडचा रबर आणि तळाची प्लेट बघा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदी कुठवर आली होती ते सगळ्यांना माहीत आहे, सखल भागातला बॉक्स असेल तर तो उचलायचा प्रस्ताव याच वेळी टाका. ब्रीदरचं (आत जाणारी हवा सुकवणाऱ्या डब्याचं) सिलिका जेल बदला, खालच्या कपातलं तेलही.

टॅन डेल्टा झाल्यावर बुशिंगच्या टेस्ट टॅपची टोपी परत बसलीच पाहिजे. टोपीच टॅपला अर्थ करते. ती राहिली तर टॅप तरंगता राहतो, तिथे ठिणग्या पडतात आणि काही काळाने बुशिंगच जातं. टोप्या मोजून डब्यात ठेवा, चार्ज करण्याआधी डबा रिकामा दिसला पाहिजे.

संध्याकाळी चार्ज कराल तेव्हा लोड लगेच घेऊ नका, रविवारभर नो-लोडवर राहू द्या, पंखे बंद. कलाभवनींच्या समीकरणाने तेल हवेच्या वर साडेतेरा अंशांच्या आसपास थांबायला हवं. लॉस फक्त १४ किलोवॅट असल्यामुळे इथे टाइम कॉन्स्टंट सहा तासांवर जातो, तेव्हा निदान १८ तास द्या आणि रविवारी रात्री, ऊन नसताना, तासातासाने वाचन घ्या. हवेचा पारा उतरतोय म्हणून त्या रात्रीच्या सरासरीशीच ताडून पाहा. साडेतेराच्या जागी वीस निघाले तर लोडचा दोष नाही. सोमवारी सकाळी लोड घेण्याआधी हवेचा आणि तेलाचा, दोन्ही सेन्सर पुन्हा तपासा.